कुत्रा जिवंत पाहिजे

"हा चावा किरकोळ धरता येणार नाही," वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टर माझा उजवा हात उलटसुलट करून म्हणाले. "रेबीज झाला, तर त्यावर इलाज नाही. होऊ नये म्हणून पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील."

रेबीज म्हणजे पिसाळरोग. पुढे त्यात रोग्याला घोटभर पाण्याचीही धास्ती वाटते. त्या लक्षणास हायड्रोफोबिया, म्हणजे जलभय, म्हणतात. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्या उपयोगास यावे, एवढ्याच हेतूने मी हे लिहीत आहे.

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा होता. मी कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. लोक मला मुनशीजी म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंतचे, तथापि माझा मसुदा पाहून भल्याभल्या वकिलांनी मान डोलावली आहे. बोरगाव मेघे येथील गुलाबराव ठेकेदारांकडे एका कागदावर सही घेण्यास गेलो असता फाटक सताड उघडे होते. त्यांचा टायगर नावाचा अल्सेशियन कुत्रा आतून धावत आला आणि त्याने माझा उजवा हात धरला.

घरी पत्नीने रीतीप्रमाणे जखमेत तिखट भरले. डॉक्टरांनी ते साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुऊन काढले. "तिखटाने विष मरत नाही, माणूसच ओरडतो," ते म्हणाले.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ही लस मेंढीच्या मेंदूपासून करतात. क्वचित एखाद्याला तिच्यामुळे पॅरालिसिस होतो, म्हणजे अंगातील शक्ती जाते. "कुत्रा दहा दिवस ऑब्झर्वेशनखाली ठेवा," म्हणजे नजरेखाली ठेवा. "धडधाकट राहिला, तर उरलेली इंजेक्शने थांबवू. मेला किंवा हरवला, तर सगळी घ्यावी लागतील."

ज्याचे पोट हातावर आहे, त्याने पॅरालिसिस हा शब्द कसा ऐकला असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

मी थेट ठेकेदारांचे घर गाठले. ते हसले. "मुनशीजी, आपला टायगर खानदानी हाय. खानदानी कुत्रं कधी पिसाळते का? तुम्ही सुया काहाले टोचून घेता?"

हे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "रोग वंशावळ विचारत नाही."

मी ठेकेदारांकडून टायगरला साखळीने बांधून घेतले. रोज सकाळी पोटात सुई घ्यायची आणि सायकलने बोरगावला जाऊन त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, हा माझा क्रम झाला. पोटावर लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. तो पाणी प्याला की मला बरे वाटे. तो भाकरीला तोंड लावीना, की माझ्या बोटांना मुंग्या आल्याचा भास होई.

एका सकाळी आमच्या आळीतील दहा-पंधरा माणसे काठ्या घेऊन ठेकेदारांच्या फाटकातून आत आली. पुढे पुंडलिक होता, माझा शेजारी.

"मुनशीजी, बाजूले व्हा. आज याले ठेवत नाई."

"काऊन?"

"काऊन म्हणता? तुमचाच हात फोडला ना त्यानं! हे जातच तशी हाय. विलायती लांडगा हाय तो, कुत्रा नाई."

"पुंडलिक, दहा दिवस होऊ दे. तोवर तो माहा साक्षीदार हाय. त्याले हात लावशीन, त आधी मले लावा लागन."

मागून कोणीतरी म्हणाले, "मुनशीजीले सुई डोक्यात चढली रे! कुत्र्याची वकिली करून राह्यले!"

सगळे हसले. मी खुर्ची उचलली, कुत्रा आणि काठ्या यांच्यामध्ये ठेवली आणि कुत्र्याकडे पाठ करून बसलो. मागे साखळी ताणल्याचा आवाज येत होता. पुढे काठ्या होत्या. मी उठलो नाही. अखेर पुंडलिकने काठी जमिनीवर आपटली. "मरा मग त्याच्याच दातानं," असे म्हणून तो गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले.

दहाव्या दिवशी टायगरने अख्खी भाकरी खाल्ली, तो घमेलेभर पाणी प्याला आणि माझ्यावर गुरगुरला. डॉक्टरांनी स्वतः येऊन त्याला पाहिले. "थांबवा इंजेक्शने," ते म्हणाले. त्या गृहस्थांचे उपकार फिटणारे नाहीत.

पुढच्याच आठवड्यात पुंडलिक मंडळी घेऊन माझ्या बैठकीवर आला. अल्सेशियन जातीला जिल्ह्यात बंदी करावी, असा अर्ज मी लिहावा आणि पहिली सही माझी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. "चावला तुम्हाले. तुमच्या सहीनंच वजन येईन," तो म्हणाला.

मी साफ नकार दिला. जातीवर बंदी आली, तर ठेकेदार दुसऱ्या जातीचे कुत्रे आणतील आणि फाटक तसेच उघडे ठेवतील. खानदानी म्हणून निर्धास्त राहणारे आणि विलायती म्हणून काठी उचलणारे, दोघांच्याही तावडीत माझा हात सापडला होता. मंडळींनी रागाने पलीकडच्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घेतला. पुंडलिक कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही.

मीही अर्ज केला. कुत्रा कोणत्याही जातीचा असो, मालकाने तो बांधून ठेवावा. चावल्यास दहा दिवस तो डॉक्टरांना दाखवण्याची जबाबदारी मालकाचीच असावी. आणि त्या मुदतीत कोणी कुत्रा मारल्यास त्यालाही जाब विचारावा. ठेकेदारांनी सही नाकारली. पुंडलिकनेही नाकारली. खाली माझ्या एकट्याची सही आहे, उजव्या हाताची, आणि ती मी मागे घेणार नाही.