वाळलं का जी?

बायका मोटारीतून सासरी जातात. माझं सासरच मोटार होतं. माझे यजमान रस्त्याच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर. जिथे काम, तिथे मुक्काम, म्हणून ठेकेदाराने एका जुन्या बसच्या सीटा काढून ती आम्हाला राहायला दिली होती. मागे खाट, पुढे स्टोव्ह, स्टिअरिंगला माझ्या पिशव्या टांगलेल्या. कामठी, खापा, खापरखेडा, असं आमचं घर नागपूरभोवती फिरत असे.

बसच्या टपावर जुनं जाड रबर ठोकलेलं होतं. उन्हाने त्याला भेगा पडत, म्हणून दर मे महिन्यात हे त्यावर डांबराचा हात मारत. नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट माझ्या तव्यावर.

लग्नानंतर पाचव्या वर्षी, थंडीत आई गेली. खाप्याच्या माहेरघरातून मी एकच वस्तू मागून आणली, तिचं वाळवणाचं लुगडं. हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आई त्याच्यावरच कुरोड्या घालायची. "चांगली पातळं सोडून हे काहून नेता?" भावजय हसली. चांगली पातळं तिलाच लखलाभ. लुगड्याला गव्हाच्या चिकाचा आंबूस वास होता आणि आईच्या हातांनाही तोच असायचा.

मे महिन्यात मी गहू भिजवले, चीक काढला. आईशिवायच्या माझ्या पहिल्या कुरोड्या. टपाइतकी ऐसपैस जागा दुसरीकडे नव्हती, पण तिथे आदल्याच दिवशी डांबर लावलेलं. हे मोटारीखाली शिरून काहीतरी खटपट करत होते. मी वाकून विचारलं, "वाळलं का जी?"

"वाळलं वं, कवाचंच."

यांना वाटलं, मी दोरीवरच्या धुण्याचं विचारते आहे. मीही शहाणी, हात लावून पाहिलं नाही. मागच्या शिडीने चढले, लुगडं अंथरलं आणि सोऱ्याने कुरोड्या पाडल्या.

दुपारी वर गेले तर उन्हाने डांबर पाघळलं होतं. लुगडं निघेना. ओढलं, तर टर्रकन फाटलं. मी टपावर बसून मोठ्याने रडले. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते, बघोत बापडे.

"मले वाटलं, धुण्याचं इचारून राहिली," हे खालून म्हणाले. मी आठ दिवस बोलले नाही.

रॉकेलने डांबर सुटलं असतं, पण त्याबरोबर ते जीर्ण कापडही गेलं असतं. ढग जमायला लागले तेव्हा हे डांबराचा डबा घेऊन आले. "वरून एक हात मारा लागते. नाही तं गळन."

"मारून तर पाहा," मी म्हटलं.

यांनी डबा खाली ठेवला. "तुह्या मायचं हाय. तू म्हणशीन तवा."

दोन दिवस मी अडून बसले. तिसऱ्या दिवशी यांच्या हातून ब्रश घेतला आणि स्वतः वर चढले. आईला पांघरूण घालते आहे असं वाटत होतं. लाल काठ शेवटपर्यंत राखला. मग तोही काळा केला.

त्या पावसाळ्यात आत एक थेंब आला नाही. बाहेर धो धो कोसळत असे आणि मी खाटेवर पडून छताकडे बघत असे. काठ नेमका कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आई गेल्यावर तिच्या इतक्या जवळ मी पुन्हा कधी झोपले नाही.

पुढच्या वर्षी ठेकेदाराने मोटार भंगारात काढली. टपाचा एक तुकडा तरी आणा, म्हणून मी यांना धाडलं. हे रिकाम्या हातांनी परतले. तोवर सगळं कापून नेलं होतं.

आता नागपुरात आमचं स्लॅबचं घर आहे. उन्हाळ्यात गच्चीवर प्लास्टिक अंथरून मी कुरोड्या घालते. यांना जिना चढवत नाही. खालूनच ओरडतात, "हात लावून पाह्य वं आधी!"

मी मुकाट्याने वाकून गच्चीला हात लावते. कोरडी असते. थोडी तरी चिकटली असती तर बरं, असं दर वर्षी वाटतं.