चूक नसलेलं वाक्य

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी वर्षभर इंग्रजी शिकवलं. पत्र्याचे सुटे भाग काढणारा मध्यम आकाराचा कारखाना. परदेशातली एक कंपनी त्यांचा माल घ्यायला तयार झाली होती, पण आधी तिचा ऑडिटर येऊन कामगारांशी थेट बोलणार होता. म्हणून निवडक वीस कामगारांना इंग्रजीत चार वाक्यं बोलता यायला हवी होती. शाहपुऱ्यात माझा छोटासा क्लास आहे. कुणीतरी माझं नाव सुचवलं.

"इंग्लिश नहीं सिखानी है, मॅडम," एचआरचे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "रूल्स सिखाने हैं. इंग्लिश में."

मला ते सोयीचंच वाटलं. बंधन सांगणारी क्रियापदं शिकवायला कारखान्याच्या नियमांपेक्षा चांगलं साहित्य कुठे मिळणार? दुपारची पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा. मी म्हणायचे आणि वीस जण माझ्यामागून म्हणायचे. यू मस्ट वेअर ग्लव्हज. यू मस्ट नॉट रिमूव्ह द गार्ड. यू डोन्ट हॅव टू वर्क ऑन संडे. रविवारच्या वाक्याला मागच्या बाकांवर दबकं हसू फुटायचं. ते का हसतात हे मला कळत होतं. मी उच्चार सुधारून वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे.

त्या विसांत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम करणारी एक बाई होती, पंचेचाळिशीची. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, लग्न होऊन भोपाळला आलेली, करोंदला राहणारी. तिच्या मराठीत निम्मी हिंदी असायची. माझे वडील पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात बदलून आले होते आणि घरात आम्हाला शुद्ध बोलायची सक्ती होती. "ताई, तुमची मराठी एकदम किताबी आहे," ती म्हणायची. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. वर्ग सुटला की ती डब्यातली उरलेली पोळी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवायची. मी खायचे.

सगळ्यांत लवकर तीच शिकली. 'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू' यांत भले भले शिकलेले लोक गोंधळतात. तिनं मात्र वहीत दोन ओळींत लिहिलं होतं: एक म्हणजे करायचंच नाही, दुसरं म्हणजे नाही केलं तरी चालतं.

एकदा डबा बंद करता करता ती म्हणाली, "ताई, गार्ड आम्ही रोज काढतो."

प्रेसच्या तोंडावर एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती लावली की अडकलेला तुकडा काढायला वेळ लागतो आणि दिवसाचे नग पुरे होत नाहीत. त्यामुळे सकाळी सुपरवायझरच ती काढून ठेवायला सांगत असे आणि बाहेरचं कुणी येणार असलं की परत बसवली जायची. तिच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईची दोन बोटं गेली होती. कागदावर कारण लागलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

"हे वर्गात नको बोलूया," मी म्हणाले.

"वर्गात कुठे बोलतेय? तुम्हाला सांगतेय."

ऑडिटच्या दिवशी मलाही बोलावलं होतं, कुणी अडलं तर मदत करायला. सगळ्या प्रेसवर जाळ्या होत्या, सगळ्यांच्या हातांत कोरे हातमोजे. ऑडिटर हळू, स्पष्ट बोलणारा, सभ्य माणूस होता. थेट बोलायची अट त्याचीच, पण एचआरचे साहेब त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होते आणि त्यांच्या मागे मी. तो तिच्या मशीनपाशी थांबला. हा गार्ड तुम्ही काढता का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नो सर. वी मस्ट नॉट रिमूव्ह द गार्ड."

साहेबांनी मान डोलावली. ऑडिटर पुढे निघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बट वी हॅव टू. एव्हरी डे."

दोन्ही वाक्यं अचूक होती. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या विद्यार्थ्यानं हा फरक इतका नेमका वापरला नव्हता. ऑडिटरनं पेन थांबवून साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले आणि माझ्याकडे वळले. "शी मीन्स डोन्ट हॅव टू. राइट, मॅडम?"

मी हो म्हणाले. नुसतं हो म्हणून थांबले असते तर निदान घाबरले होते असं तरी म्हणता आलं असतं. मी समजावून सांगितलं. हिंदी-मराठी बोलणाऱ्यांना ही दोन रूपं अवघड जातात, नवशिके 'डोन्ट' खाऊन टाकतात, असं छोटंसं व्याख्यानच दिलं, चांगल्या इंग्रजीत. साहेबाला चारचौघांत खोटं पाडू नये, असं वडील सांगायचे. पण त्यांच्यावर काय ढकलायचं? पुढच्या तुकडीचं काम मला हवं होतं आणि साहेबांनी मला विचारलं याचं बरंही वाटलं होतं.

ऑडिटरनं तिला पुन्हा विचारलं, तुम्हाला असंच म्हणायचं होतं का?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम नोज इंग्लिश," ती म्हणाली.

त्यानं काहीतरी लिहिलं आणि तो पुढे गेला.

ऑर्डर मिळाली. वर्गाची प्रमाणपत्रं वाटली तेव्हा ती आली नव्हती. तिला आधी पॅकिंगला टाकलं आणि महिनाभरात कामगार पुरवणाऱ्या ठेकेदारानं कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. हे मला तिच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं, पुढच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी. मी त्या दिवशीही वर्ग घेतला.

आठ महिन्यांनी मी ऑडिटरला मेल केला. त्याचं कार्ड माझ्याकडे होतं. घडलं ते सगळं लिहिलं, माझं खोटंही. चार ओळींचं उत्तर आलं. ऑडिट बंद झालं आहे, तक्रार संबंधित कामगारानं स्वतः करायला हवी, सोबत फॉर्म जोडला आहे.

फॉर्म छापून घेऊन मी करोंदला गेले. ती धान्याच्या मंडीत एका आडत्याकडे गहू चाळत बसली होती. मला पाहून तिनं चाळण खाली ठेवली, पण बसा म्हणाली नाही.

"वाक्य बरोबर होतं ना?" तिनं विचारलं.

"बरोबर होतं."

"मला वाटलंच. तरी घरी जाऊन वही काढून पाहिली. म्हटलं, आपलंच चुकलं असेल."

मी फॉर्म पुढे केला. तिनं तो स्वतःच वाचला, शब्दाखाली बोट धरून, सावकाश. एकही शब्द मला विचारला नाही. वाचून झाल्यावर घडी घालून परत दिला.

"त्या मशीनवर आता माझ्या नणंदेची सून आहे. मी हे भरलं तर तिला काढतील."

"आणि नाही भरलं तर?"

"ते तुम्ही मला विचारू नका," ती म्हणाली, आणि चाळण उचलली. त्या दिवशी तिनं मला ताई म्हटलं नाही.

मंडीत ट्रॉल्या येत होत्या, धूळ उडत होती. मी रिक्षा शोधायला निघाले. गोविंदपुऱ्याचं काम त्यानंतर मी सोडलं, पण सोडण्याचं कारण साहेबांना कळवलं नाही. तब्येत बरी नसते, असं सांगितलं. त्यांनी काळजी घ्या म्हटलं आणि माझ्या जागी कुणी चांगलं असेल तर सुचवा, असंही. मी एक नाव सुचवलं.