हॅलो, तनू घरी नाही

आत मुलं समुपदेशक मॅडमशी बोलतात, बाहेर बाकावर आम्ही बायका एकमेकींशी. आत काय चाललंय ते आम्हाला कळत नाही, म्हणून जे कळतं तेच आम्ही घोळवून घोळवून सांगतो. अलिबागच्या या दवाखान्यात दर शनिवारी असे किस्से साठत जातात.

आमचं दुखणं साधं होतं. हे दीड वर्षापासून मुंबईला वेगळे राहतात. दर रविवारी तनूला फोन करतात. पूर्वी फोन वाजला की पोरगी माझ्या हातातून हिसकावून घ्यायची. आषाढात तिनं अचानक त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. फोन आला की परसात जाऊन उभी. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, मग मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.

पहिल्या दिवशी मी भीतभीतच विचारलं, "मॅडम, सुरू करण्याआधी तुमच्या टेबलाला जरा अंगारा लावू का?"

त्या म्हणाल्या, "टेबलाला नको, मला लावा. आज दोन मुलं चावणारी आहेत."

* * *

रेवदंड्याच्या हिराबाई मासळी विकून थेट नातीला घेऊन येतात. नात भांडी फेकते. मॅडमनी तिला सांगितलं, रागाला एक नाव दे, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल.

नातीनं नाव ठेवलं, हिरा.

हिराबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता ती बोंबलली की मना कलतच न्हाय, रागाशी बोलतेय का माझ्याशी!"

* * *

मॅडमनी तनूला घराचं चित्र काढायला सांगितलं. तिनं तुळस काढली, मला काढलं, मांजर काढलं. बाजूला समुद्र आणि मांडवा-मुंबई बोट.

मी विचारलं, "आणि पप्पा?"

"बोटीत आहेत. आतल्या बाजूला बसलेत. बाहेर उभं राहिलं की त्यांना मळमळतं."

मला राहवलं नाही. "बोट येतेय की जातेय गं?"

तिनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "बोट दोन्हीकडून सारखीच दिसते, आई."

चित्र मी देव्हाऱ्यात ठेवलंय. सोमवारची पूजा झाली की बोटीलाही एक फूल वाहते.

* * *

एकदा मलाही आत बसवून मॅडम खेळण्यातल्या फोनवर पप्पा झाल्या. "हॅलो, तनू आहे का?"

"तनू घरी नाही. निरोप असेल तर सांगा."

"तिला सांगा, पप्पांना तिची खूप आठवण येते."

तनूनं फोन ठेवला, कागद मागितला आणि काहीतरी लिहून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी फ्रॉक भिजवताना तो कागद माझ्या हाती लागला. 'पप्पांना आठवण येते. तनू आली की सांगणे.'

तो फ्रॉक मी त्या दिवशी धुतलाच नाही.

* * *

गेल्या शनिवारी मॅडमनी आमच्यासाठी चहा मागवला. मी म्हटलं, "मला नको. चातुर्मासात चहा सोडलाय."

मॅडम शहरात वाढलेल्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे काय करतात?"

"आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत एखादी आवडती वस्तू देवासाठी सोडायची आणि मनातलं मागायचं."

"मी पन सोडलीत," हिराबाई म्हणाल्या. "वांगी."

तनू माझ्या शेजारी सँडलचा पट्टा लावत बसली होती. ती खाली बघूनच म्हणाली, "हिराआजी, वांगी तर तुला आवडतच नाहीत. तसं नाही चालत. सगळ्यात आवडतं तेच सोडायचं असतं, तरच देव ऐकतो. हो ना गं आई?"

हिराबाई हसल्या. "बरा बाय, मी चुकले. मंग तू काय सोडलंस गो?"

तनूचा पट्टा बकलात जात नव्हता. तिनं तो नीट ओढून लावला.

"पप्पा," ती म्हणाली. "कार्तिकीपर्यंतच."