बोईसरहून आणलेली लाल गाडी

बोईसरमध्ये मला माझ्या सख्ख्या मेव्हण्याने फसवलं. गाडी विकणारा एजंट परका होता, त्याचं मला काही नाही. फसवलं सुधीरने. माझ्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, तो सुधीर.

नाशिकहून आम्ही दोघं सकाळच्या एसटीने निघालो. भाव करायला जाताना मी स्वतःच्या गाडीने कधी जात नाही. समोर धुळीने माखलेला माणूस दिसला की किंमत आपोआप उतरते. जव्हारचा घाट संपला आणि थंडी मागे राहिली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, मध्येच मोहरलेला आंबा. पालघरला एका खानावळीत उकडहंडी (मडक्यात शिजवलेली कंदमुळं आणि शेंगा) खाल्ली. पहिली वाटी भाव विचारून घेतली, दुसरी न विचारता.

तिथून रिक्षाने बोईसर. हवेत कारखान्यांचा उग्र वास, टपऱ्यांवर सगळीकडे हिंदी. जिच्यासाठी आलो होतो ती गाडी एजंटाच्या आवारात उभी होती: काळी, लांबलचक, परदेशी. पंक्चरच्या टपरीपासून मी सुरुवात केली. आयुष्यभर अशा गाड्यांची चाकं उकिडवं बसून बदलली. एकदा तशा गाडीतून स्वतःच्या दुकानासमोर उतरायचं, एवढीच हौस होती. त्यासाठी साठवलेलं सगळं मी लावणार होतो.

सवयीने आधी टायर पाहिले. चारही कोरे. मी खूश.

कोपऱ्यात एक लाल, बसकी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार होती. किंमत काळीच्या पाव.

"ते पोरांचं खेळणं आहे, शेठ," एजंट म्हणाला.

"दाजी, लोक हसतील," सुधीर म्हणाला.

कोणी नको म्हटलं की मी करतोच. तारापूरच्या रस्त्यावर एक फेरी मारली. वळणावर गाडी अशी चिकटून वळली की मी एकटाच मोठ्याने हसलो. तरीही परत येऊन म्हणालो, काळीच घेऊ. इज्जतीचा प्रश्न होता.

काळी चालवून बघायला मी सातपाटीकडे वळवली. सुके बोंबील घ्यायचे होते.

"तिकडे नको, दाजी. सीटला वास लागेल."

"वास लागला तर माझ्या सीटला लागेल. गप्प बस."

गावात वलांड्यांवर (बांबूच्या मांडणीवर) बोंबील वाळत होते. पाटी घेऊन बसलेल्या मावशींशी मी घासाघीस सुरू केली, पण त्यांचं लक्ष गाडीकडे.

"ही तीच गाडी हाय ना रं? फोटो काढाला वालूवर आनली नि भरतीत बुडाली ती? पानी पार काचंला लागलेलं. आमच्या होड्या वढायच्या ट्रॅक्टरनी काढली."

"दुसरी असेल, मावशी," मी म्हणालो.

"दुसरी कशी? ह्यो भाऊ नाय का, एजंटासंगं न्याला आलेला! बोलला, कोनाला सांगू नका. चहाला पैसं देतो बोलला, ते बी दिलं नाय. मंग आमी का गप बसू?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मी दार उघडून पायाखालचा गालिचा उचकटला. खाली ओली वाळू आणि मिठाचा पांढरा थर.

"दाजी, मी सांगणारच होतो..."

आणि मग डोक्यात लख्ख झालं. गाडी बघताना माझी नजर आधी टायरवर जाते, हे एजंटाला कसं कळलं? कोरे टायर माझ्यासाठी घातले होते. माझ्याच दुकानातले असतील तर तेही नवल नाही.

बोईसरला जाऊन मी एजंटाच्या आवारात असा आवाज चढवला की रस्त्यावरचे कामगार थांबले. मग त्या लाल गाडीखाली आडवा होऊन लोखंड न लोखंड तपासलं, किंमत आणखी पाडली आणि तीच घेतली. शेजारच्या सीटवर बोंबलांची टोपली ठेवली. सुधीर दाराशी उभा होता.

"मी कुठे बसू?"

"एसटी आहे."

जव्हारच्या घाटात गाडी प्रत्येक वळण खेळत चढली. इतका आनंद मला विकत कधी मिळाला नव्हता, आणि तरी घाटभर मी मनात सुधीरशीच बोलत होतो. एजंटाने तुला काय देऊ केलं, ते मला ऐकायचं नाही. तेवढं तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. येत्या रविवारी घरी ये, सुधीर. तुझी ताई समोर बसेल. तिला सांग, भरतीत बुडालेली गाडी तू तिच्या नवऱ्याच्या गळ्यात का मारत होतास?