गुण्यात बसवलेली घोडी

जॅझ वाजवायला कुठली गिटार घ्यावी, हा प्रश्न आमच्या भांडुपच्या चाळीत त्याआधी कुणाला पडला नव्हता. मला पडला आणि मी घरादाराचं डोकं खाल्लं. गिरण्यांचा संप होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मी मुलुंडच्या एका औषधांच्या कंपनीत कारकून होतो. गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो आणि रविवारी पार्ल्याला सरांकडे शिकायला जायचो. सर गोव्याचे, तरुणपणी हॉटेलांतल्या बँडमध्ये जॅझ वाजवलेले. आता हॉटेलांना ते नको होतं आणि सरांनाही हॉटेलं नको होती.

त्यांच्याकडे दोन आर्चटॉप गिटारी होत्या. आर्चटॉप म्हणजे पोट व्हायोलिनसारखं फुगीर, मधोमध गोल भोक नाही, दोन बाजूंना दोन वळणदार फटी. वायर नाही, मशीन नाही. आवाज येईल तो निव्वळ लाकडाचा. मुंबईतल्या दुकानांत असलं काही मिळत नसे. विचारून विचारून मी माझं हसं करून घेतलं होतं.

सर पुढच्या महिन्यात मुलीकडे परदेशी जाणार होते, कायमचे. एका रविवारी त्यांनी दोन्ही गिटारी माझ्यासमोर ठेवल्या.

"घरी घेऊन जा. आठ दिवस वाजव. एक तुझी, दुसरी माझ्या पुतण्याची. पण निवडायची तू, मॅन. मी सांगणार नाय."

वर एक ताकीद दिली. तारा बदलल्यास तर एकेक करून बदल, सगळ्या एकदम काढू नकोस.

घरी आईनं दोन्हींकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्येका भोक खंय?" शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. वडील हल्ली कशावरच बोलत नसत. अठ्ठावीस वर्षं ते गिरणीच्या सुतारखात्यात होते. संपानंतर त्यांना परत बोलावणं आलं नाही. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते खुर्चीत बसत आणि संध्याकाळी त्याच खुर्चीतून उठत. आम्हाला त्याची सवय झाली होती, हे लिहायला आज लाज वाटते.

दोन गिटारींतली एक मोठी, काळपट, चकचकीत. तिचा आवाज खोलीभर पसरायचा आणि ऐकणारा लगेच मान डोलवायचा. दुसरी फिक्या रंगाची, ओरखडे पडलेली, आवाजाला कोरडी. चार सूर एकदम छेडून कॉर्ड वाजवली की तटकन संपायची. पहिले दोन दिवस मी काळीच्या प्रेमात होतो. तिसऱ्या दिवशी आईचा स्टोव्ह भरभरत असताना वाजवायला बसलो आणि काळी त्यात बुडाली. फिकी घेतली, तर कॉर्डमधला एकेक सूर स्टोव्हच्या आवाजातून वेगळा ऐकू आला, जेवायच्या पंगतीत चार माणसं आपापलं बोलावीत तसा. जॅझला हेच लागतं. पडल्या पडल्या विरणारा, पण स्पष्ट बोलणारा सूर. माझी निवड झाली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आनंदाच्या भरात माणूस गाढवपणा करतो. शुक्रवारी सकाळी फिकीला नव्या तारा चढवाव्यात म्हणून मी जुन्या सगळ्या एकदम काढल्या. शहाण्याला शब्दाचा मार, पण मी शहाणा कुठे होतो? तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात ती घोडी माझ्या हातात आली. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच ती जागेवर उभी राहते. शिवाय ती किंचित तिरपी असते, जाड तारांच्या बाजूला काडीच्या जाडीएवढी मागे. तसं नसेल तर वरचे सूर बेसूर लागतात. सरांनी तिच्या जागेवर पेन्सिलीच्या दोन बारीक खुणा केल्या होत्या. म्हटलं, संध्याकाळी बसवू. घोडी गिटारीशेजारी ठेवली आणि कामावर गेलो.

परत आलो तर घरात सरसाचा, सुतारांच्या डिंकाचा, वास. गिटार खाटेवर सुतळीनं आवळून ठेवलेली. माळ्यावरची हत्यारं खाली आली होती आणि वडील उभे होते. हो, उभे होते.

"घोडी सुटलेली," ते म्हणाले. "कोणी बसयल्यान ती वाकडी बसयल्यान हुती. खाली पेन्सिलीचे डाग पन हुते, पॉलिश पेपर मारून काढलंय. आता गुण्यात बसयलंय."

गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन बघायचं हत्यार. गुण्यात बसवलेली वस्तू म्हणजे बिनचूक. त्यांच्या आयुष्यभराच्या धंद्यात तिरपं म्हणजे चूक, दुसरा अर्थच नाही.

ओरडावंसं वाटलं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "झकास."

शनिवारी त्यांनी माझ्याकडून तारा चढवून घेतल्या. मी खालच्या पट्टीतलं, जमेल तेवढं सुरात लागणारं काहीतरी वाजवलं. वडील जेवताना बोलत होते. सुतारखात्यातले साहेब, सागाचा भाव, कुठल्या लाकडाला कुठला सरस. आई भाकरी थापायची थांबून त्यांच्याकडे बघत होती. काकूंना त्यांनी आपणहून सांगितलं, "तुमच्या खिडकीची झडप सोमवारी बघतंय." मी तिथे बसून घास गिळत होतो आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. हात वर सरकला की गिटार बेसूर व्हायची आणि जॅझ सगळं वरच असतं.

रविवारी सरांकडे गेलो. त्यांनी एक कॉर्ड वाजवली, घोडीवर नख फिरवलं आणि वास घेतला.

"सरस आहे. चांगल्या हाताचं काम. गरम सुरीनं निघेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काढू? की काळी घेतोस?"

काळी घेतली असती तर वडिलांनी विचारलं असतं, मी नीट केलेली का दिली? फिकी तशीच ठेवली असती तर तिच्यावर जॅझ वाजलं नसतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी स्वतःला समजावलं की काडीच्या जाडीएवढा फरक, कोणाला दिसतोय. म्हटलं, "काढा."

सरांनी सुरी गॅसवर तापवली. घोडी निघाली, वार्निशचा एक पापुद्रा घेऊन. त्यांनी कानानं जागा शोधून ती तिरपी उभी केली. गिटार वरपर्यंत सुरात लागली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काळी तिथेच ठेवून मी निघालो.

संध्याकाळी घरी वाजवायला बसलो. वडील दारात होते, माझ्यापासून चार हातांवर. दोन-तीन कॉर्ड झाल्या असतील. ते घोडीकडे बघत होते, माझ्या बोटांकडे नाही. मी थांबलो. सांगायला हवं होतं की तुमचं चुकलं नाही, हिची रीतच तिरपी आहे. शब्द ओठांवर आले आणि मला ते सगळे खोटे वाटले.

"वाजव," ते म्हणाले. "थांबलंस कित्याक?"

मी वाजवत राहिलो.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होतो तेव्हा काकू खिडकीच्या झडपेचं विचारायला आल्या. वडील खुर्चीत बसले होते, स्वच्छ शर्ट घालून.

"दुसरो कोणी बघा, वैनी," ते म्हणाले. "माका आता डोळ्यांनी दिसणा नाय."