चहाच्या टपरीवर पास झालेलं हेडिंग

“‘हादरले’ काढ आधी,” चुरी मॅडम म्हणाल्या. “तलासरी आपल्या पानावर इतक्यांदा हादरलंय की आता वाचक हादरायचे बंद झालेत.”

पान सोडायची, म्हणजे छापखान्याकडे पाठवायची वेळ जवळ आली होती. मी डहाणूच्या ऑफिसात बातमीदार, मॅडम आमच्या पानाच्या प्रमुख. बातमी माझीच होती. तलासरीतल्या झरीजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडीची भिंत भूकंपाच्या धक्क्यांनी तडकली होती. पोरं तिथंच बसत होती. जागा बदलून द्या, असं सांगून सेविका सुनंदाताई थकल्या होत्या. पुढच्या धक्क्याला भिंत टिकेल की नाही, कोण सांगणार?

‘भूकंपाने तलासरी पुन्हा हादरले’ हे माझं हेडिंग मुख्य ऑफिसातल्या साहेबांनाही मिळमिळीत वाटलं होतं. त्यांनी फोनवर स्वतःचं सुचवलं, ‘चिमुकले मृत्यूच्या छायेत!’ उद्गारचिन्ह आवर्जून सांगितलं.

मॅडमनी फोन ठेवला. “सुनंदाताईंना विचार, हे छापलं तर काय होईल?”

फोन करून विचारल्यावर सुनंदाताई घाबरल्याच. “नको हो दादा! असा छापलात तर उद्या एकही आई पोर पाठवायची नाही. खिचडीलाही मुकतील पोरां. आणि सगळे मलाच बोलतील.”

म्हणजे हेडिंग मऊ केलं तर अधिकारी पान उलटणार, भडक केलं तर पोरं उपाशी राहणार. मी डोक्याला हात लावून बसलो. मॅडमनी माझी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, उचलला आणि शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. ही त्यांची जुनी खोड.

“चांगलं ते सगळं तुम्ही लोक तळाशी पुरून ठेवता,” त्या पुटपुटल्या. आणि शेवटच्या परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं.

तिथं मी लिहिलं होतं, की सुनंदाताई रोज सकाळी भिंतीपासून लांब, जमिनीवर खडूने एक रेष ओढतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराला बजावतात.

“काय बजावतात? त्यांच्याच शब्दांत सांग.”

“पोरांनो, रेषेच्या अलीकडे बसा.”

“हेच हेडिंग. चल खाली.”

खाली जयेशभाईंची चहाची टपरी. भाई गुजराती, पण आमचा पेपर रोज वाचतात. महत्त्वाचं हेडिंग मॅडम त्यांना ऐकवायच्या. भाई ‘बराबर’ म्हणाले की हेडिंग नापास, कारण ऐकून त्यांचं समाधान झालेलं असे. ‘पछी?’ म्हणजे ‘मग पुढं?’ असं विचारलं, तरच पास. संपादकांपेक्षा आम्ही या परीक्षेला जास्त भ्यायचो.

आधी साहेबांचं हेडिंग. “अरे रे,” भाई म्हणाले आणि चहा गाळू लागले. मग मॅडमचं. भाईंची किटली हवेतच थांबली.

“केम, का बरं? कसली रेष? पछी?”

मॅडमनी तिथूनच साहेबांना फोन लावला. स्पीकरवर साहेब कडाडले, “पण याच्यात भूकंप कुठाय?”

“भूकंप रोजचा झालाय, साहेब. त्यात पोरं कशी बसतात, ते कुणी पाहिलेलं नाही. हेडिंग चुकलं तर मी जबाबदार.”

ते शेवटचं वाक्य आमच्या धंद्यात कुणी सहसा बोलत नाही. मला त्या क्षणी मॅडमचा फार अभिमान वाटला.

तेच हेडिंग छापून आलं. सकाळी ऑफिस उघडतंय तोच अंगणवाड्या बघणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोन. “मॅडम, ही रेष काय भानगड आहे?”

“बघायलाच या ना. मी पण येते.”

ते खरंच आले. रेषेच्या अलीकडे दाटीवाटीने बसलेली पोरं त्यांनी पाहिली, पलीकडची तडकलेली भिंत पाहिली. त्याच आठवड्यात अंगणवाडी पाड्यावरच्या समाजमंदिरात हलली. एकाही आईने पोर घरी ठेवलं नाही. सुनंदाताईंनी मला फोन करून तक्रार केली, “मोठी जागा दिलीत खरी, पण पोरां आता हाताला लागत नाहीत हो!” असली गोड तक्रार मी त्याआधी ऐकली नव्हती.

पुढे साहेबांनीच मॅडमना मुख्य ऑफिसात बोलावलं, सगळ्यांना हेडिंग शिकवायला. मॅडमचं भाषण एका वाक्यात आटोपलं. “कॉपी शेवटपर्यंत वाचायची, बस.”

ऐकायला सोपं आहे. पण वाचकांचं सोडा, आम्ही पत्रकारसुद्धा आपलीच बातमी शेवटपर्यंत वाचत नाही.