पाण्याची बशी

शिवणकाकूंचं मशीन मागच्या खिडकीशी होतं. हिवाळ्यात लांबच्या मुलखातून लाल गळ्याचा माशीमार पक्षी परसात उतरला, की मशीनवरचा त्यांचा पाय आपोआप थांबायचा. त्याच्यासाठी त्या कुंपणालगत रोज पाण्याची बशी भरून ठेवत. मग मागच्या रानातले वटवटे आणि धोबी पक्षीही पाणी प्यायला यायला लागले. काकूंना वाटे, लेकरं माहेरपणाला आलीत.

एकदा शर्टाचं बटण लावायचं राहिलं म्हणून काका भडकले. काकू म्हणाल्या, "पाखरं बघत बसले आणि विसरले."

"त्या बशीपाशी शेजारचं मांजर दबा धरून बसतं," काका शांतपणे म्हणाले. "तू उठायच्या आत पिसं मीच झाडून टाकतो. दोन हिवाळे झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खुशीत होतीस. म्हटलं, कधीतरी तुला सुनवायला कामी येईल."

काकूंनी बशी पालथी घातली. दुसऱ्या सकाळी माशीमार आला आणि बशीभोवती उड्या मारू लागला. काकूंनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. तो उडाला आणि फिरून तिथेच आला.

"सवय तूच लावलीस, आता निस्तर," चहाचा घोट घेत काका म्हणाले.